लॉकमधलं पाणी आणि बंधाऱ्यावरचं पाणी

टेम्स नदीतून लेचलेड या गावापासून खाली लंडनच्या वेशीवरच्या टेडिंग्टनपर्यंत बोट न्यायची, तर वाटेत 44 लॉक लागतात. नदीचा उतार जागोजागी बंधारे घालून अडवला आहे आणि तिचे टप्पे केले आहेत. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर बोटीला जावं लागतं ते लॉकमधूनच. उन्हाळ्यात या नदीवर आणि तिला जोडलेल्या कालव्यांवर हजारो माणसं आठवडाभरासाठी बोट भाड्याने घेऊन फिरतात. मोटार चालवायला परवाना लागतो, पण इंग्लंडच्या अंतर्गत जलमार्गांवर सुटीपुरती बोट हाकणाऱ्याकडे चालकाचा परवाना कुणी मागत नाही. बोट ताब्यात देणारा माणूस थोडा वेळ सगळं समजावून सांगतो, आणि ज्याने जन्मात सुकाणू धरलेलं नाही असा माणूस दहा-पंधरा टनांची पोलादी बोट घेऊन निघतो. अशा नवख्याला सगळ्यात जास्त धास्ती असते ती लॉकची. शेवाळलेल्या ओल्या भिंती, दारांच्या फटींतून उडणाऱ्या चिळकांड्या, झडप उघडताच उसळणारं पाणी, मागे बंद झालेली दारं आणि वर काठावर उभे राहून बघणारे लोक, या सगळ्यांनी त्याच्या पोटात गोळा येतो. ही धास्ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती बहुतेक वेळा भलत्या जागी असते. लॉक हे नदीवरचं सगळ्यात संथ आणि हिशेबी यंत्र आहे, त्यातले धोके मोजके आणि माहितीतले आहेत. नदीतला खरा आडदांड धोका लॉकच्या शेजारी, बंधाऱ्यावर असतो आणि तिकडे नवख्याचं लक्षही जात नाही. भित्र्या माणसाला नुसतं 'घाबरू नका' म्हणण्यापेक्षा नेमकं कशाला घाबरायचं हे सांगितलं, तर तोच माणूस भरवशाचा नावाडी होऊ शकतो, असं माझं मत आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली दगडी किंवा काँक्रीटची लांबट खोली. वर जायचं असेल तर बोट खालच्या दारातून आत येते, दारं मिटतात, वरच्या टोकाच्या झडपा उघडून वरच्या टप्प्याचं पाणी आत सोडलं जातं आणि बोट पाण्याबरोबर वर चढते. उतरताना हाच क्रम उलटा. यात पंप लागत नाही. पाणी आपल्या उतारानेच वाहतं. बहुतेक लॉकची दारं दोन पाखांची असतात आणि मिटल्यावर सरळ रेषेत न बसता वरच्या प्रवाहाकडे टोक करून कोनात बसतात. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्ये अशा दारांची रेखाटनं आहेत, आणि पाचशे वर्षांत या रचनेत मूलभूत बदल करावा लागलेला नाही. कोनामुळे वरच्या पाण्याचा दाब दोन्ही पाखांना एकमेकांवर घट्ट दाबून धरतो. हा दाब किती, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही करता येतो. पाच मीटर रुंदीचं दार घ्या. त्याच्या वरच्या बाजूला साडेतीन मीटर खोल पाणी आणि खालच्या बाजूला दीड मीटर. दोन्हीकडच्या दाबांची वजाबाकी केली तर दारावर सुमारे 25 टन वजनाइतका रेटा येतो. पातळ्यांमधला फरक फक्त पंधरा सेंटीमीटर उरला असला, तरी हा रेटा अडीच टनांच्या घरात असतो. हाताने ढकलायचं दार अशा वेळी कितीही माणसं लागली तरी हलत नाही. म्हणजे 'चुकून दार उघडलं आणि सगळं पाणी अंगावर आलं तर?' या भीतीचं उत्तर यंत्राच्या घडणीतच आहे: दोन्हीकडचं पाणी समान होईपर्यंत दार उघडतच नाही, आणि समान झाल्यावर अंगावर येण्याजोगं पाणी उरत नाही. फटींतून उडणाऱ्या चिळकांड्याही जुन्या लाकडी दारांना नेहमीच्याच. त्या दार मोडायला आल्याची खूण नव्हेत. आणि वेग? दोन मीटरची चढ-उतार दहा मिनिटांत होत असेल, तर पाणी मिनिटाला वीस सेंटीमीटर हलतं. मुंबईत हेच तत्त्व प्रचंड आकारात वापरात आहे. 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक म्हणून सुरू झालेल्या इंदिरा डॉकमध्ये जहाजं लॉकमधूनच आत घेतली जातात, म्हणजे बाहेर समुद्राला ओहोटी असली तरी आतल्या पाण्याची पातळी टिकून राहते.

लॉक नव्हतं तेव्हा नदीवर काय चालायचं हे पाहिलं की त्याच्याकडे बघायची नजर बदलते. टेम्सवर शेकडो वर्षं गिरण्यांसाठी आणि मासेमारीसाठी बंधारे होते, आणि बोटी जाऊ देण्यासाठी त्यांचा एक भाग उघडता येण्याजोगा ठेवलेला असे. उभ्या दांड्यांना टेकवून फळ्या लावायच्या आणि वेळ आली की त्या एकेक करून उपसायच्या. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे काढताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे दृश्य वेगळं समजावून सांगायला नको. त्या मोकळ्या झालेल्या गाळ्यातून पाणी कसं धावतं ते आठवावं आणि त्यातून माणसांनी भरलेली नाव खाली जाते आहे अशी कल्पना करावी. इंग्लंडमध्ये याला फ्लॅश लॉक म्हणत. खाली जाणारी नाव त्या लोंढ्यावर स्वार होऊन जायची, वर येणारी नाव रहाटाला दोर बांधून त्याच लोंढ्याविरुद्ध ओढून घ्यावी लागायची. 1674 मध्ये गोरिंगच्या अशा लॉकमध्ये जत्रेहून परतणारी सुमारे साठ माणसं बुडाल्याची नोंद त्या काळच्या एका छापील पत्रकात आहे. दोन्हीकडे दारं असलेली बंद खोली हा यावरचा उपाय होता. चीनमध्ये तो कितीतरी आधी निघाला होता. 984 मध्ये महाकालव्यावरच्या वाहतुकीचे अधिकारी चियाओ वेइयुए यांनी एकमेकींपासून पन्नास पावलांवर दोन दारं बसवली. त्याआधी धान्याच्या नावा उतरणीवरून दोरांनी ओढून नेल्या जात. त्यात नावा फुटत आणि गोंधळात धान्य चोरीला जाई. टेम्सवर ऑक्सफर्डजवळ 1630 च्या दशकात अशी पहिली लॉक झाली, 1770 च्या दशकात मेडनहेडच्या वर त्यांची रांग लागली, तरी वरच्या भागातले शेवटचे फळ्यांचे बंधारे निघायला 1930 चं दशक उजाडलं. इतकी पिढ्यान् पिढ्यांची खटपट ज्या एका गोष्टीसाठी झाली, ती म्हणजे बोट आणि धावतं पाणी यांची ताटातूट. आज घाबरलेला नवखा ज्या खोलीत शिरायला कचरतो, ती खोली त्याच्यासारख्यांच्या भीतीवरचं उत्तर म्हणूनच बांधली गेली आहे.

धावतं पाणी मात्र नाहीसं झालेलं नाही. ते शेजारी सरकलं आहे. टेम्सवर प्रत्येक लॉकच्या बाजूला बंधारा आहे, कारण लॉकमधून जातं ते पाणी थोडं. नदीचा बाकी सगळा प्रवाह बंधाऱ्यावरूनच खाली पडतो. ऑक्सफर्डच्या खाली सँडफर्ड इथे टेम्सवरच्या सगळ्यात खोल लॉकपैकी एक आहे, सुमारे 2.7 मीटर चढ-उताराचं. आत उभं राहिलं की भिंत डोक्याच्या बरीच वर जाते आणि नवख्याच्या छातीत धडधडतं. पण सँडफर्डला स्मारकस्तंभ उभा आहे तो लॉकपाशी नाही, बंधाऱ्याच्या डोहापाशी. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजच्या, तिथे वेगवेगळ्या काळी बुडालेल्या विद्यार्थ्यांची नावं त्याच्यावर कोरली आहेत: 1843 मधले दोन, 1872 मधला एक, आणि 1921 मधले रूपर्ट बक्स्टन आणि मायकेल ल्युएलिन डेव्हिस. मायकेल हा 'पीटर पॅन'चे लेखक जे. एम. बॅरी यांनी सांभाळलेल्या भावंडांपैकी एक. डोहाचं पाणी वरून पाहिलं तर मोकळं, रुंद, आमंत्रण देणारं दिसतं. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाशी जाऊन उलटं फिरतं आणि पृष्ठभागावरची वस्तू परत धारेकडे ओढतं, हे वरून कळत नाही. महाराष्ट्रात बंधाऱ्यांच्या खालच्या डोहांत दर पावसाळ्यात पोरं बुडतात, त्यामागचं एक कारण हेही आहे. अरुंद, अंधारी, आवाज करणारी जागा माणसाला भयाण वाटते आणि मोकळी, उजेडाची जागा सुरक्षित. नदीवर हा ठोकताळा जीवघेणा ठरू शकतो.

बंधाऱ्याचा हात बोटीपर्यंतही पोहोचतो. वरून खाली येताना लॉक रिकामं नसेल, दारं उघडायला वेळ असेल, तेव्हा बोट थांबवून धरावी लागते आणि त्याच वेळी बंधाऱ्याकडे जाणारा प्रवाह तिला बाजूला ओढत असतो. खालून वर जाताना बंधाऱ्यावरून आलेलं पाणी लॉकच्या तोंडापाशी आडवं येऊन मिळतं आणि बोटीच्या नाळेला एका बाजूला ढकलतं. बोटीला ब्रेक नसतो. सुकाणू काम करतं ते त्याच्यावरून पाणी वाहत असेल तरच, म्हणून भीतीने वेग अगदीच कमी केला की बोट ऐकेनाशी होते. नवख्याला हे उलटं वाटतं आणि इथेच त्याची गाडी अडते. वाऱ्याचा झोत आला की उंच बांध्याची बोट आणखी बिथरते. खरी काळजी घ्यायची ती लॉकमध्ये शिरण्याआधीच्या या दोनशे मीटरमध्ये. लॉकच्या अलीकडे वाट बघण्यासाठी धक्का असतो, त्याला आधीच लागायचं, दोर बांधायचा, आत काय चाललं आहे ते जाऊन बघायचं आणि मगच हलायचं. दारापुढे मधल्या प्रवाहात घिरट्या घालत राहणं हे लॉकमध्ये शिरण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, आणि पुष्कळ नवखे धक्क्याला लागण्याच्या धास्तीने नेमकं तेच पत्करतात.

आता लॉकच्या आतल्या धोक्यांकडे येऊ, कारण ते आहेतच. त्यांतला सगळ्यात गंभीर म्हणजे उंबरा. वरच्या दारांच्या पायथ्याशी दगडाची किंवा काँक्रीटची एक पायरी लॉकमध्ये पुढे आलेली असते. लॉक भरलेलं असताना ती पाण्याखाली असल्यामुळे दिसत नाही. उतरताना बोटीचं मागचं टोक तिच्यावर राहिलं, तर पाणी खाली जातं, मागचं टोक पायरीवर टेकतं, पुढचं टोक पाण्याबरोबर उतरत राहतं आणि बोट नाकावर कलते. थोड्याच वेळात पुढून पाणी आत शिरायला लागतं. इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवरची नॅरोबोट जेमतेम 2.1 मीटर रुंद पण वीस-एकवीस मीटरपर्यंत लांब असू शकते आणि लॉक तिच्यापेक्षा थोडंच लांब, त्यामुळे मागेपुढे सरकायला जागा फार नसते. म्हणूनच लॉकच्या काठावर पांढरी रेघ आखून उंबऱ्याची हद्द दाखवलेली असते. उतरताना मागचं टोक त्या रेघेच्या पुढे ठेवायचं आणि पाणी पूर्ण उतरेपर्यंत नजर तिच्यावरून हलवायची नाही. दुसरा धोका दोराचा. लॉकमध्ये दोर खुंटाभोवती एक वेढा घेऊन हातात धरायचा असतो, गाठ मारायची नसते. सतरा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद बोटीखालचं पाणी दहा सेंटीमीटर उतरलं आणि बोट बांधलेल्या दोरांमुळे तिथेच लटकून राहिली, तर पाण्याने सोडलेला सुमारे साडेतीन टनांचा भार दोरांवर येतो. मिनिटाला वीस सेंटीमीटर या वेगाने हे घडायला अर्धं मिनिट लागतं. ताणलेली गाठ त्यानंतर हाताने सुटत नाही. तिसरा धोका चढतानाचा: झडपा एकदम पूर्ण उघडल्या की येणारं पाणी बोटीला पुढे-मागे खेचतं आणि नाळ दाराच्या आडव्या तुळईखाली अडकू शकते, मग पाणी वर चढतं पण नाक वर येत नाही. जेरोम के. जेरोम यांच्या 1889 च्या 'थ्री मेन इन अ बोट'मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या लॉकमधला एक प्रसंग आहे. छायाचित्रासाठी सगळे ऐटीत उभे असतात आणि बोटीचं नाक लाकडाखाली अडकल्याचं त्यांच्या लक्षात येत नाही. पुस्तक विनोदी असलं तरी त्यात दाखवलेला अपघात खरोखर होऊ शकतो, आणि त्याचं कारणही जेरोमने अचूक पकडलं आहे: त्या क्षणी सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

यावर सरळ आक्षेप येईल की लॉकमध्ये माणसं मेलीही आहेत, तेव्हा भीती भलत्या जागी आहे असं कसं म्हणता? आक्षेप रास्त आहे. ऑगस्ट 1998 मध्ये यॉर्कशरमधल्या गारग्रेव्ह गावाजवळ लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या एका लॉकमध्ये नॅरोबोट अडकून बुडाली आणि चार प्रवासी मरण पावले. अशा घटनेपुढे 'लॉक संथ असतं' हे वाक्य तोकडं वाटतं. तरी मी ते मागे घेणार नाही, आणि त्याचं कारण त्या संथपणातच आहे. वर सांगितलेल्या तिन्ही धोक्यांवर एकच इलाज आहे: झडपा ताबडतोब बंद करणं. पाणी थांबलं की कलणं थांबतं, दोराचा ताण वाढायचा थांबतो, अडकलेलं नाक तिथल्या तिथे राहतं. मग उलट बाजूच्या झडपा सावकाश उघडून पाणी पूर्वीच्या पातळीवर आणता येतं. बंधाऱ्यावरच्या पाण्याला अशी झडप नसते. तिथे चूक झाली की ती परत घेता येत नाही. लॉकमध्ये चूक लक्षात यायला आणि ती थांबवायला काही सेकंद ते अर्धं मिनिट मिळतं. तो वेळ वापरता यावा यासाठी झडपेपाशी माणूस उभा हवा, त्याची नजर बोटीवर हवी आणि 'थांब' हा शब्द किंवा हाताची खूण आधीच ठरलेली हवी. झडप उघडून माणूस पुढचं दार बघायला निघून गेला, की लॉकचा हा सगळ्यात मोठा गुण वाया गेला. भित्रा माणूस असा निघून जात नाही, आणि या एका बाबतीत तो बेफिकीर माणसापेक्षा लॉकमध्ये जास्त लायक आहे.

दुसरा आक्षेप अनुभवी लोकांचा असतो: दहा-वीस लॉक पार केली की भीती आपोआप जाते, उगाच एवढा विचार कशाला? सवयीने हात बसतो हे खरं. पण सवयीने जाते ती भीती सगळीच जायला हवी होती का, हा प्रश्न उरतो. दार गाठण्यासाठी बोटीच्या टपावरून काठावर उडी मारणं, ओल्या शेवाळावरून घाईने चालणं, दाराच्या तुळईवरून पलीकडे जाताना हात मोकळा न ठेवणं, भिंतीला लागू पाहणारी बोट पायाने थोपवणं, ही नवख्याची लक्षणं नव्हेत. नवखा हे करायला धजत नाही. बोट चालण्याच्या वेगाने सरकत असली, तरी पंधरा टनांचं वजन आणि दगडी भिंत यांच्यामध्ये आलेला हात किंवा पाय वाचत नाही. बोटीला धक्का बसला तर बसू द्यावा, तिच्या कडेला लोंबणारे फेंडर त्यासाठीच असतात. अनुभवाने उंबऱ्याची रेघ बघायची सवय लागत असेल तर तो अनुभव कामाचा. रेघ न बघण्याची सवय लागत असेल, तर त्यापेक्षा पहिल्या दिवसाची धडधड बरी.

या सगळ्यात एक गोष्ट फारशी कुणी बोलून दाखवत नाही, पण माझ्या मते नवख्याच्या भीतीचा निम्मा भाग तिचाच असतो: लोक बघतात ही लाज. इंग्लंडमध्ये लॉकवर बघ्यांची गर्दी ही जुनी गोष्ट आहे. एडवर्ड जॉन ग्रेगरी या चित्रकाराने 1890 च्या दशकात पूर्ण केलेल्या प्रसिद्ध चित्रात बोल्टर्स लॉकवरची रविवारची दुपार आहे. नावांची दाटी, छत्र्या, हॅट आणि काठावरून बघणारी माणसं. आजही मेडनहेडच्या त्या लॉकवर उन्हाळ्यात लोक उभे असतात. बघ्यांसमोर आपण सराईत दिसावं म्हणून नवखा घाई करतो, विचारायचं टाळतो, आत जागा आहे की नाही ते न बघताच शिरतो. मागे दुसरी बोट वाट बघते आहे म्हणून झडप एकदम पूर्ण उघडली जाते. घाईत पहिला बळी जातो तो क्रमाचा, आणि लॉकमध्ये क्रम हेच सगळं आहे: बोट स्थिर, दोर हातात, दारं मिटलेली, मग झडप आधी थोडी, बोट शांत आहे हे बघून पुढे पूर्ण. म्हणून बोटीवरच्या माणसांनी आधीच कामं वाटून घ्यावीत. कोण सुकाणूवर, कोण दोरावर, कोण झडपेवर. आत गेल्यावर इंजिन बंद करायचं, हा टेम्सवर नियमच आहे. त्याचा एक फायदा असा की आवाज थांबतो आणि एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. मागच्या बोटीला थांबावं लागलं तर लागू द्यावं. टेम्सवर वेगमर्यादा ताशी 8 किलोमीटर आहे, कालव्यांवर त्याहून कमी. इथे पाच मिनिटांच्या उशिराने कुणाचं काही बिघडत नाही.

तिसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. टेम्सवर तर एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचे लॉककीपर असतात, दारं-झडपा तेच चालवतात, मग बोटवाल्याने एवढं सगळं जाणून करायचं काय? लॉककीपर हा टेम्सचा मोठा आधार आहे यात शंका नाही. आपण नवखे आहोत हे त्यांना आत शिरण्याआधीच सांगावं; कुठे थांबायचं, कोणता खुंट घ्यायचा हे ते दाखवतात. पण ते दिवसभर प्रत्येक लॉकवर नसतात. ते नसतील तेव्हा खालच्या भागात बटणं दाबून आणि ऑक्सफर्डच्या वर बऱ्याच ठिकाणी हातानेच लॉक चालवावं लागतं. टेम्स सोडून कालव्यात शिरलं की चित्र आणखी बदलतं. तिथली बहुतेक लॉक बोटवाल्यांनी स्वतः विंडलास नावाची लोखंडी हँडल फिरवून चालवायची असतात. 2012 मध्ये सुरू झालेल्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचे स्वयंसेवक काही गर्दीच्या ठिकाणी मदतीला असतात, सगळीकडे नाही. केनेट-एव्हन कालव्यावर डिव्हाइझेस गावापाशी केन हिलची 29 लॉकची माळ आहे आणि त्यातली 16 तर टेकडीच्या उतारावर एकापाठोपाठ एक. तिथे सकाळी पहिल्या लॉकवर जे शिकलं, तेच संध्याकाळी एकोणतिसाव्या लॉकवर थकलेल्या शरीराने करायचं असतं. खांदे दुखत असतील, सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, तर अशी माळ दोन दिवसांत विभागावी, किंवा दुसऱ्या बोटीच्या सोबतीने जावं. केन हिलची लॉक रुंद असल्यामुळे दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात, हात दुप्पट होतात आणि पाणीही वाचतं.

शेवटी उरतो तो आक्षेप बोटीवर जायचंच टाळणाऱ्यांचा: इतकं सगळं लक्षात ठेवायचं तर घरी बसलेलं काय वाईट? काही दिवस खरोखर थांबणंच बरोबर असतं, आणि ते कोणते हे ठरवायची सोय टेम्सवर केलेली आहे. प्रत्येक लॉकवर प्रवाहाची स्थिती सांगणाऱ्या पाट्या लावतात. पिवळ्या पाटीवर प्रवाह वाढतो आहे की ओसरतो आहे ते लिहिलेलं असतं, आणि लाल पाटी म्हणजे जोराचा प्रवाह. लाल पाटी असताना बोटींनी निघू नये असाच सल्ला दिला जातो. बिनइंजिनाच्या लहान नावांनी तर मुळीच नाही. पिवळी पाटी 'वाढतो आहे' म्हणत असेल, तर नवख्याने पुढचा सुरक्षित धक्का गाठून बोट बांधावी आणि पाटी बदलेपर्यंत वाट बघावी. त्या दिवशीही लॉकच्या आतलं पाणी नेहमीसारखंच मिनिटाला काही सेंटीमीटर चढत-उतरत असतं. बदललेलं असतं ते बाहेरचं: बंधाऱ्याचे दरवाजे जास्त उघडलेले असतात, लॉकच्या तोंडापाशी आडवा येणारा प्रवाह दुपटीने जोर करत असतो, पुलांच्या कमानींखाली पाणी आवळून धावत असतं आणि धक्क्याला लागायला नेहमीपेक्षा जास्त जागा आणि जास्त वेळ लागतो. वरच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचं पाणी खाली पोहोचायला अवधी लागत असल्याने ऊन पडलेलं असतानाही पाटी लाल असू शकते. म्हणून सकाळी आकाश बघण्याआधी पाटी बघावी.